ठिपका कुठे होता?

(काळा पडदा. मधोमध पांढरी फुली.)

नजर या फुलीवर ठेवा. हलवू नका.

(वर उजवीकडे एक ठिपका चमकतो, विझतो.)

दिसला? जागा लक्षात ठेवा. शेवटी विचारणार आहे.

(रेखाचित्र: माकड, दोन पालथ्या वाट्या.)

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कार्लाइल जेकबसेन माकडांना असंच काहीसं विचारत होते. माकडाच्या डोळ्यांदेखत एका वाटीखाली खाऊ ठेवायचा, मधे पडदा सोडायचा, काही सेकंदांनी वर घ्यायचा. धडधाकट माकडाला हा पोरखेळ. पण कपाळामागचा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंनी काढलेलं माकड मात्र भलतीच वाटी उचलायचं. स्मरणशक्तीच गेली, असं कुणालाही वाटावं.

मग १९४२मध्ये रॉबर्ट माल्मो यांनी केलं काय, तर थांबायच्या त्या सेकंदांत दिवा मालवला. बस्स, एवढंच! आणि तशीच शस्त्रक्रिया झालेली माकडं पुष्कळदा बरोबर वाटी शोधू लागली.

(पहिल्या जागेजवळ दुसरा ठिपका चमकतो, विझतो.)

म्हणजे जागा मेंदूत उमटत होती. उजेडात मधेच जे काही नजरेस पडे, ते तिला पुसून टाकत होतं.

(मेंदूचं चित्र.)

१९८९मध्ये येललाच फुनाहाशी, ब्रूस आणि गोल्डमन-राकिच यांनी माकडांच्या याच भागातल्या एकेका पेशीचे विद्युत-संकेत टिपले. फुलीभोवती ठिपक्याच्या आठ जागा. ठिपका विझला, पडदा कोरा, तरी काही पेशींचे संकेत चालूच! प्रत्येकीची दिशा ठरलेली: ही वरच्या ठिपक्याची, ती डावीकडच्या. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागातही अशा पेशी आहेत, पण त्या भुलतात. मधे नवा ठिपका आला की जुना सोडून त्याच्यामागे लागतात. कपाळामागच्या पेशी मात्र तुलनेनं चिवट.

चिवट, पण अभेद्य नव्हेत. माणसांवरच्या प्रयोगांत दिसतं, की मधे आलेला ठिपका आठवणीतली जागा पुसतोच असं नाही, कधी ती हळूच आपल्याकडे ओढून घेतो. आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

(पुन्हा काळा पडदा, फुली.)

प्रयोगशाळेत जेमतेम काही सेकंद थांबवतात. आम्ही तुम्हाला बरंच ताटकळवलं, वर मधे एक ठिपकाही सोडला. तर आता पडद्यावर बोट टेकवा. पहिला ठिपका कुठे होता?

(तीन सेकंद शांतता. मूळ जागी ठिपका उमटतो.)