फँटाग्राफिक्स: टीकाकारांचं प्रकाशनगृह

अमेरिकन कॉमिक्स म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना स्पायडरमॅन आणि बॅटमॅन आठवतात, म्हणजे मार्वल आणि डीसी. आज ज्या प्रकाशनगृहाविषयी बोलायचं आहे, त्याने सुरुवातच या दोन्ही घराण्यांवर तोंडसुख घेऊन केली. त्याचं नाव फँटाग्राफिक्स. माझ्या मते त्याचा इतिहास अभिरुचीचा जितका आहे तितकाच पैशाचा आहे.

१९७६ साली मेरीलँडमध्ये गॅरी ग्रोथ आणि माइक कॅट्रन या दोन तरुणांनी ‘नॉस्टॅल्जिया जर्नल’ नावाचं डबघाईला आलेलं नियतकालिक हातात घेतलं. त्यात मुख्यतः जुन्या कॉमिक्सच्या खरेदी-विक्रीच्या जाहिराती असत. पुढच्याच वर्षी त्याचं ‘कॉमिक्स जर्नल’ झालं. मग डेन्मार्कमध्ये जन्मलेला, युरोपात वाढलेला किम थॉम्प्सन येऊन मिळाला आणि पुढची पस्तीसेक वर्षं ग्रोथ-थॉम्प्सन ही जोडी टिकली. ग्रोथचा स्वभाव भांडखोर, तर किमला फ्रेंच-बेल्जियन चित्रकथा तोंडपाठ.

या मासिकाने चित्रकारांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या आणि परीक्षणं मात्र निर्दयपणे लिहिली. तेव्हा चित्रकाराला पानामागे पैसे मिळत आणि पात्रं कंपनीच्या मालकीची होत. मार्वलची निम्मी दुनिया ज्याच्या हातून उतरली, त्या जॅक कर्बीला स्वतःचीच मूळ चित्रं परत मिळवायची होती. इतरांना एका पानाचा करार, पण त्याच्यापुढे कंपनीने चार पानांचा ठेवला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर जर्नलने हे प्रकरण लावून धरलं. त्याआधीच एका मुलाखतीत हार्लन एलिसन हा लेखक मायकल फ्लायशर या कॉमिक्स-लेखकाबद्दल जे बोलला, त्यावरून फ्लायशरने मासिकावर वीस लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला होता. १९८६मध्ये ज्यूरीने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. पण खटला जिंकला तरी वकिलाचं बिल चुकत नाही, हे कुठल्याही छोट्या संपादकाला विचारा.

आता टीकाकाराला एक प्रश्न नेहमीच विचारला जातो: एवढं कळतं तर स्वतः करून दाखवा की! १९८१मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावच्या हर्नांडेझ बंधूंनी स्वखर्चाने छापलेला ‘लव्ह अँड रॉकेट्स’चा अंक परीक्षणासाठी पाठवला. ग्रोथने तो वाचला आणि तो आपणच छापायचा असं ठरवलं. १९८२पासून तो फँटाग्राफिक्सकडून निघू लागला, काळा-पांढरा, मासिकाच्या आकारात. या भावांपैकी हायमेच्या मॅगी आणि होपी या मैत्रिणी वर्षं सरतील तशा खरोखर वयाने वाढतात. गिल्बर्टचं पालोमार हे कल्पित लॅटिन अमेरिकन गाव तर आपल्याकडच्या ग्रामीण कादंबरीच्या वाचकाला चटकन ओळखीचं वाटेल: सगळ्यांना सगळ्यांची लफडी ठाऊक!

नाव झालं, पण नावावर छापखान्याची बिलं भागत नाहीत. १९८९मध्ये मंडळी सिॲटलला गेली आणि १९९०मध्ये त्यांनी ‘इरॉस’ या नावाने चक्क अश्लील कॉमिक्स काढायला सुरुवात केली. ती धो-धो खपली आणि त्या पैशावर कंपनी तगली. डॅनियल क्लाउझच्या ‘एटबॉल’सारखे अंक, ज्यातून पुढे ‘घोस्ट वर्ल्ड’ पुस्तकरूपात आलं, याच काळातले. काहींना ही दुटप्पी वागणूक वाटली. मला नाही वाटत. सरकारी अनुदान नाही, कुणी धनाढ्य आश्रयदाता नाही. मग पैसा येणार कुठून?

पुढचं संकट वितरणातून आलं. कॉमिक्सच्या खास दुकानांत आगाऊ मागणी नोंदवली जाते आणि माल परत घेतला जात नाही, त्यामुळे किती प्रती छापायच्या हे आधीच कळतं. साध्या पुस्तकदुकानांत न खपलेला गठ्ठा परत येतो आणि मधल्या वितरकाकडे पैसे अडकून पडतात. असाच त्यांचा एक वितरक दिवाळखोरीत गेला आणि साठ हजारांहून जास्त डॉलर बुडाले. २००३मध्ये त्यांनी वाचकांना उघड साद घातली: ऐंशी हजार डॉलर हवेत, देणगी नको, पुस्तकं विकत घ्या. वाचकांनी घेतलीही.

खरं स्थैर्य आलं ते २००४मध्ये, चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’मुळे. चार्ली ब्राउन आणि स्नूपीच्या पन्नास वर्षांच्या सगळ्या पट्ट्या, क्रमाने, एकेका खंडात दोन-दोन वर्षांच्या. मालिका पुरी व्हायला २०१६ उजाडलं. बंडखोर म्हणवणाऱ्यांना अखेर अमेरिकेतल्या सर्वांत लाडक्या वर्तमानपत्री चित्रमालिकेने आधार दिला, यातली गंमत लक्षात घ्या.

२०१३मध्ये किम थॉम्प्सन कर्करोगाने गेला. तो स्वतः भाषांतर आणि संपादन करत असलेली पुस्तकं रखडली आणि हंगामाचं गणित कोसळलं. पुन्हा वाचकांकडे हात पसरावा लागला. मागितले दीड लाख डॉलर, जमले दोन लाखांवर.

अशा घरालाच एमिल फेरिसचं ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’ घेणं परवडतं. पन्नाशी ओलांडलेल्या लेखिकेचं पहिलंच चित्र-कादंबरीचं पुस्तक, जवळजवळ चारशे पानं, सगळं रेघा आखलेल्या वहीत बॉलपेनने काढल्यासारखं. कोरियात छापलेल्या प्रती घेऊन जहाज निघालं, तर २०१६मध्ये जहाज कंपनीच बुडाली आणि पुस्तकं पनामात अडकली. ती बाजारात यायला फेब्रुवारी २०१७ उजाडला. पुढच्या वर्षी पुस्तकाला आयझनर, म्हणजे अमेरिकन कॉमिक्सचे मानाचे पुरस्कार, तीन मिळाले. दुसरा भाग मात्र २०२४मध्ये आला.