जुन्या वास्तूतील भोजनगृह

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या गोदामात, बँकेत किंवा रेल्वे स्थानकात थाटलेल्या उपाहारगृहात पाऊल टाकले की आपली नजर ताटाआधी छताकडे जाते. ते आकर्षण खरे आहे. परंतु अशा वास्तूत रोज अन्न शिजवणे किती जोखमीचे असते, याविषयी आज मला बोलायचे आहे.

समाजोपयोगी वापरामुळे वास्तूच्या जतनाला मदतच होते, मात्र त्यासाठी तिची रचना किंवा सजावट बदलू नये, असे वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेचे पाचवे कलम सांगते. पॅरिसमधील ओर्से स्थानक 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधले गेले आणि 1986 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. स्थानकाच्या हॉटेलचे जुने भोजनदालन आज संग्रहालयाचे उपाहारगृह आहे आणि तिथले चित्रित छत व झुंबरे कायम आहेत. तिथे काम तुलनेने सोपे होते, कारण ते दालन मुळात जेवणासाठीच बांधलेले होते.

गोदामाचे तसे नसते. जेथे कधी चूल पेटली नाही, तेथे वाफ, उष्णता आणि तेलकट धूर येतो. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. धुण्यापुसण्याच्या सोयीसाठी तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढवला, तर ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणूनच जाणते वास्तुविशारद शक्यतो स्वयंपाकघर मागच्या नव्या बांधकामात नेतात, किंवा जुन्या भिंतीला न चिकटवता, पुढे कधी काढून घेता येईल अशा स्वतंत्र कक्षात उभारतात. हा खर्च जेवणाऱ्याला दिसत नाही, पण माझ्या मते तीच त्या उपाहारगृहाची खरी परीक्षा आहे.

उंच छत आणि उघडा दगड यांमुळे आवाज घुमतो व शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. त्यावर खोटे छत ठोकून कमानी झाकणे मला अक्षम्य वाटते. जाड पडदे आणि ध्वनिशोषक फलक यांनी बरेच साधते. नवा भाग जुना भासवण्याचीही गरज नाही, कारण हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा, असे त्याच सनदेचे बारावे कलम सांगते.

एक गोष्ट मात्र फार वेळा विसरली जाते. अशा वास्तूंची जोती उंच असतात आणि चाकाच्या खुर्चीतील पाहुण्याला पुष्कळदा मागच्या दाराने, भांडी घासण्याच्या जागेजवळून आत नेले जाते. पायऱ्यांना धक्का न लावता मुख्य दाराशी काढता-घालता येणारा उतार बहुधा बसवता येतो. टेबल राखून ठेवताना, आपल्याला स्वतःला गरज नसली तरी, त्याची चौकशी अवश्य करावी. नमस्कार.