अचूक आणि अधिक अचूक

प्रिय बंधुभगिनींनो, बाप्तिस्मा झाला, पुढे तो विश्वास पक्का करणारा दृढीकरणाचा विधी झाला, प्रश्नोत्तरावली पाठ झाली की विश्वासाचे शिक्षण पुरे झाले, अशी समजूत आपल्यात फार खोल रुजली आहे. पुढची चाळीस-पन्नास वर्षे आपण उपासनेला येतो, प्रार्थना करतो. परंतु वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी देवाविषयी जे उमजले होते, तेवढ्याच शिदोरीवर आजारपण, वियोग आणि मृत्यू यांना सामोरे जाऊ पाहतो. शिदोरी अपुरी पडली की मुळात विश्वासच खोटा होता असे वाटू लागते, आणि कितीतरी जण अशा वेळी मुकाट्याने दूर होतात. याचे मला मनापासून दुःख वाटते.

नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात अपुल्लोस भेटतो. आलेक्सांद्रियाचा हा यहूदी इफिसला आला तेव्हा नवखा नव्हता. तो वक्ता होता, शास्त्रपारंगत होता, प्रभूच्या मार्गाचे शिक्षण त्याला मिळालेले होते. मात्र त्याला केवळ योहानाचाच, म्हणजे येशूच्या आधी आलेल्या योहानाने दिलेला पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता. सभास्थानात तो निर्भयपणे बोलत असताना प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला ऐकत होती. या पतिपत्नींचा व्यवसाय तंबू तयार करण्याचा. त्यांनी अपुल्लोसाला चारचौघांत अडवले नाही. आपल्याजवळ घेतले आणि देवाचा मार्ग समजावून सांगितला. (जुन्या हस्तलिखितांत येथे पत्नीचे नाव आधी येते, आणि शिकवण्यात तिचा वाटा मोठा असावा असे मला त्यावरून वाटते.)

येथे मूळ ग्रीक शब्दांकडे लक्ष द्यावे. अपुल्लोस येशूविषयी 'अचूक' शिकवत असे, असे 25वे वचन म्हणते. आणि 26व्या वचनात त्याच शब्दाचे तरवाचक रूप येते: त्या दोघांनी त्याला तो मार्ग 'अधिक अचूक' सांगितला. म्हणजे आधीचे ज्ञान चुकीचे ठरवून पुसून टाकलेले नाही. जे बरोबर होते तेच आणखी उघडत गेले. विश्वासात वाढणे म्हणजे लहानपणीच्या श्रद्धेची लाज वाटणे नव्हे, आणि नवा प्रश्न पडला म्हणून तो अविश्वासही नव्हे. शिकवणाऱ्या माणसाने शिकायला बसावे, तेही तंबू करणाऱ्यांपुढे, हे मात्र सोपे नाही. अपुल्लोस बसला, आणि पुढे अखया प्रांतात जाऊन त्याने विश्वासणाऱ्यांना मोठे साहाय्य केले.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे बिशप ऑगस्टीन यांनीही आयुष्याच्या अखेरीस, सत्तरी ओलांडल्यावर, आपले सगळे ग्रंथ क्रमाने पुन्हा वाचायला घेतले आणि कोठे आपले म्हणणे चुकले, कोठे अपुरे राहिले, हे स्वतःच लिहून ठेवले. 430 साली ते वारले. इतक्या मान्यतेच्या माणसाला हे करण्याची सक्ती कोणीही केलेली नव्हती.

आणि प्रेषित पौल. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो बंदिवासात आहे, आपल्या जाण्याची वेळ आली आहे हे त्याला कळून चुकले आहे, जवळ एकटा लूक उरला आहे. हिवाळ्यापूर्वी ये, असे तो तीमथ्याला विनवतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा येताना घेऊन ये म्हणतो. आणि त्याच वाक्यात पुढे पुस्तके मागतो, विशेषेकरून चर्मपत्रे.