चक्कर येऊन पडणं : फिट, हार्ट की नुसतं बीपी?

माणूस उभ्याउभ्या कोसळतो, डोळे उघडेच, हातपाय दोन-चार झटके देतात, की झालं, सगळे म्हणणार फिट आली. 1994 मध्ये जर्मनीतल्या काही डॉक्टरांनी धडधाकट माणसांना मुद्दाम बेशुद्ध करून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं, 42 जणांची शुद्ध पूर्ण हरपली आणि त्यातल्या साधारण 90 टक्के लोकांना झटके आले, मिरगी कुणालाच नव्हती! मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं तरी एवढं होतं.

मग ओळखायचं कसं? आधी डोळ्यांपुढे अंधारी, घाम, चेहरा पांढराफटक, आणि मिनिटाभरात उठून 'काय झालं' विचारतो, तर बहुतेक साधी चक्कर. जिभेची कड चावली गेलीये, नंतर बराच वेळ भान नाही, तर फिटचा संशय जास्त. पण पडणाऱ्याला स्वतःला यातलं काय आठवणार? म्हणून पडताना ज्याने पाहिलं त्याला डॉक्टरकडे सोबत न्या, मोबाईलवर व्हिडिओ असेल तर उत्तमच.

बरेच जण आधी डोक्याचा सीटी स्कॅन करून येतात, आणि डोक्याला मार नसेल, दुसरं लक्षण नसेल तर त्यात बहुतेक वेळा काही निघत नाही. आधी हवा ईसीजी, आणि झोपून मग उभं राहून बीपी. तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने उतरलं तर कारण सापडलं, कधीकधी ते बीपीच्याच गोळीत असतं.

धावताना किंवा झोपल्याजागी शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, तर थांबू नका, हार्टच्या डॉक्टरकडे जा. होल्टर (अंगावर लावून फिरायचं ईसीजीचं छोटं यंत्र) एक-दोन दिवसांच्या ठोक्यांचं रेकॉर्ड करतो, पण चक्कर सहा महिन्यांतून एकदा येत असेल तर तो काय पकडणार, म्हणून कातडीखाली बसवायचा छोटा लूप रेकॉर्डर असतो, दोन-तीन वर्षं चालतो. ठोके मध्येच थांबतायत असं त्यात दिसलं तर पेसमेकरचा विचार होतो.

बाकी जास्त लोकांचा प्रकार म्हणजे खूप वेळ उभं राहिलं, रक्त बघितलं, सुई टोचली की नसांचा (मज्जातंतूंचा) गोंधळ होऊन ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी खाली. याला गोळ्या क्वचितच लागतात. पाणी भरपूर, मीठ थोडं जास्त (बीपी, किडनी, हार्टचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही हं). अंधारी यायला लागली की सरळ आडवं व्हायचं, जागा नसेल तर पायावर पाय घट्ट आवळून मांड्या ताठ करायच्या, मुठी वळायच्या. आणि पडलेल्याला धरून उभं करू नका, पडून राहू दे, पाय वर करा. कारण कळेपर्यंत गाडी मात्र दुसऱ्याला चालवू द्या.