जुन्या वाड्यात नवी खोली

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या नागपुरात महाल किंवा इतवारी भागातल्या एखाद्या आतल्या गल्लीत शिरलात, तर अजून असं घर सापडतं: दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाला धरून ओसरी आणि सागवानी खांबांवर पेललेली माडी. आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून चार मजली इमारत, कारण तिथला वाडा पडला. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. वाडा राखायचा, आणि आजच्या कुटुंबाला लागणारी जागा त्याच आवारात आजच्या पद्धतीनं बांधायची. मी बोलणार आहे ते या वाटेबद्दल.

वाडा पाडणाऱ्याला जुन्याची किंमत नसते, असं मी कधीच म्हणणार नाही. भावाभावांचे संसार वाढतात, मोरी एकच, संडास चौकापलीकडे, आणि म्हाताऱ्या आईला माडीचा उभा जिना चढवत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. त्या सोडवल्याशिवाय ‘वारसा जपा’ म्हणून सांगणं हा त्या घरावर अन्याय आहे.

घराचं नाव वारसा यादीत असलं की घरची माणसं घाबरतात, आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही म्हणून. तसं नाही. आपल्या राज्यातल्या वारसा नियमांत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नाही, हे खरं. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत आतले बदल करता येतात, आणि परवानगी घेऊन त्याच आवारात वाढीव बांधकामही करता येतं. अट एवढीच, की उंचीनं आणि दर्शनी भागानं ते जुन्या घरावर कुरघोडी करता कामा नये.

मग नवं दिसावं कसं? इथे माझं मत ठाम आहे. नवं हे नवंच दिसावं. सिमेंटचा खांब ओतून त्याला सागवानी रंग फासायचा, फायबरच्या महिरपी चिकटवायच्या, हे मला पटत नाही. पन्नास वर्षांनी नातवंडांनी विचारलं, यातलं पणजोबांच्या वेळचं काय, तर कुणाला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. 1964 साली व्हेनिसमध्ये जगभरच्या जाणकारांनी संवर्धनाची जी सनद केली, तिच्यातही हेच आहे: भर घालणं अटळच असेल, तर ती मूळ रचनेहून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर आपल्या काळाची खूण असावी.

इंग्लंडमधल्या वॉरिकशायरमध्ये ॲस्टली कॅसल नावाचं मध्ययुगीन तटबंदीचं घर आहे. 1978 मध्ये ते आगीत जळालं आणि अनेक वर्षं ओसाड पडून राहिलं. पुढे विदरफोर्ड वॉटसन मान या वास्तुविशारदांनी त्या पडक्या दगडी भिंतींच्या आतच नवं घर बसवलं. नवी वीट जुन्या दगडाला जिथे भिडते, ती रेघ लपवलेली नाही. जुन्या घराचा काही भाग छप्पराविना तसाच उघडा ठेवला. झोपायच्या खोल्या खाली घेतल्या आणि बैठक वर. 2013 साली त्या कामाला ब्रिटनमधलं वास्तुकलेचं मानाचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. लोक तिथे मुक्कामाला जातात. ते घर वापरात आहे, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र तिकडचं जसंच्या तसं इकडे उचलू नका. थंड मुलखात जुन्या घराला काचेची खोली जोडतात, ऊन आत यावं म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नागपुरात आजच्या काळाचं बांधकाम म्हणजे सावली: खोल पडवी, जाळी, लाकडी झडपा, दुहेरी छप्पर. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांचे रुंद व्हरांडे आणि उंच छतं पाहा, आणि वाड्याचा चौक पाहा. तो चौक पत्रे टाकून बंद करू नका. घराची गरम हवा तिथूनच वर निघून जाते.

आता वजनाचं बोलू. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो भरतं. जुन्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीवर ते टाकलं, की भिंत फुगते आणि मग सगळा दोष वाड्याच्या वयाला लागतो. नवा मजला हवा असेल, तर त्याला स्वतःचे पोलादी खांब द्या, स्वतःचा पाया द्या. जिथे काळी माती आहे तिथे तर हे फारच जपून करायला हवं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जुनं-नवं एकाच मापानं खचत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये फट सोडायची आणि वरून पत्र्यानं झाकायची. जुन्या भिंतीला लागून पाया खणायचा तोही थोडा थोडा, एका दमात लांब चर नाही. ही फट ज्याला महत्त्वाची वाटत नाही, अशा ठेकेदाराला काम देऊ नका.

जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर नको. चुन्याच्या भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडत असते. सिमेंटनं ती आत कोंडते, खार फुटतो, आणि तुळयांची टोकं भिंतीत असतात ती कुजू लागतात. तिथे वाळवी येते. आणखी एक खास आपल्या गावचं कारण म्हणजे खिडकीला लावलेला कूलर. त्याचं पाणी उन्हाळाभर एकाच जागी झिरपत राहतं. कूलर भिंतीपासून सुटा, स्टँडवर ठेवा, पाण्याला नळी द्या.

तुळई कुजली तर अख्खी फेकू नका. कुजलेलं टोक तेवढं कापून नवा साग जोडता येतो. हे करणारे सुतार अजून आहेत. काढलेल्या प्रत्येक लाकडावर नंबर घाला.

तुमच्या घरात असं काही करायचं मनात असेल, तर या पावसाळ्यात छप्पर कुठे गळतं, भिंत कुठे ओली होते, ते नोंदवून ठेवा. खोल्यांची मापं घ्या, फोटो काढा, आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून नकाशे करून महापालिकेकडे अर्ज द्या. वारसा यादीतल्या घराचा विषय तिथून वारसा समितीसमोर जातो. चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीच्या आत उरका. मार्चनंतरच्या उन्हात चुना घाईनं वाळतो आणि तडकतो. त्यामुळे चुना भिजवायला आश्विनातच टाकलेला बरा.

नमस्कार.