भाड्याला इशारा पातळी नसते

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै लागला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर तब्येतीची चौकशी मागाहून होते. आधी विचारणा होते, "राजारामला किती झालं?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021च्या जुलैत त्याहूनही वर. कुठल्या गल्लीत कितव्या पायरीला पाणी लागलं होतं हे सांगणारे जाणकार प्रत्येक पेठेत भेटतील, आणि त्यावरून एकमेकांशी वाद घालतानाच भेटतील.

मी पेशानं वकील. घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांत माझे बरेचसे दिवस जातात. आजचा विषय आहे शहरात माणूस बेघर होऊ नये म्हणून महापालिका काय ठरवते आणि काय ठरवायचं राहून जातं. मग सुरुवात पुरापासून का केली? कारण हे काम आपल्याला येतं, हे पुरातच दिसतं.

सुतारवाड्यात पाणी शिरायच्या बेतात आलं की तिथली बिऱ्हाडं दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलतात. टेंपोतून गाद्या उतरतात, सिलिंडर, मिक्सर, पोरांची दप्तरं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाईमाणसानं स्वतःजवळ ठेवलेलं असतं. ओळीनं अंथरुणं पडतात, दोन कुटुंबांच्या मध्ये साडी बांधून आडोसा होतो. महापालिकेचा कर्मचारी वही घेऊन फिरतो. घरात किती जण, तान्हं मूल आहे का, गरोदर कोण, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाला चालू आहेत. तालमीची पोरं जेवणाची पातेली घेऊन येतात आणि वाढायलाही तीच उभी राहतात. या सगळ्यात एक प्रश्न कुणीही विचारत नाही: तुमच्यावर ही वेळ आलीच कशी?

आता दुसरी गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांतलं हे नेहमीचं चित्र आहे, एका कुणाचं नव्हे.

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला ठेक्यावर कामाला असलेला माणूस. शहरात एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं, बायको, दोन पोरं. हाताला भाजतं, दोन महिने घरी बसावं लागतं. ठेकेदार पहिल्या आठवड्याचे पैसे देतो आणि मग फोन उचलत नाही. घरमालक तसा भला. म्हणतो, राहू दे, डिपॉझिटमधून वळतं करू. डिपॉझिट संपतं. माणूस कामावर परत जातो तर जागा भरलेली. मग नाक्यावर मिळेल ते काम. किराणा दुकानातली उधारी वाढते, वीजबिल थकतं, थोरल्याची शाळेची सहल चुकते. मालकालाही बँकेचा हप्ता असतो. एके दिवशी तो सांगतो, महिनाअखेर खोली मोकळी करा. बायको पोरांना घेऊन माहेरी गडहिंग्लजला जाते. हा माणूस आठवडाभर दोस्ताच्या खोलीवर काढतो आणि मग मध्यवर्ती बसस्थानकावर.

तिथं गेल्यावर तो सरकारी हिशेबात बेघर ठरतो. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे बेघर. 2011 साली 28 फेब्रुवारीच्या रात्री अशी मोजणी झाली, तेव्हा देशात 17 लाखांहून अधिक लोक निघाले. पण आपल्या माणसाचं घर त्या रात्री गेलेलं नाही. ते चार-पाच महिने जात होतं. पाणी चढत होतं, फक्त मोजपट्टी कुठं लावलेली नव्हती.

आणि दिसत मात्र सगळ्यांना होतं. दुकानदाराला वहीतून, शाळेतल्या बाईंना पोराच्या गैरहजेरीतून, अंगणवाडी ताईंना, सीपीआर या सरकारी रुग्णालयात हाताची पट्टी बदलणाऱ्या सिस्टरना. यांतले बरेच जण सरकारचा नाहीतर महापालिकेचा पगार घेतात. पण हे कुणाला कळवायचं? त्यासाठी टेबलच नाही.

इंग्लंडमध्ये असं टेबल ठेवणं स्थानिक कौन्सिलला कायद्यानं भाग आहे. तिथं 2017 साली कायदा झाला आणि एप्रिल 2018 पासून लागू झाला. ज्याचं घर येत्या 56 दिवसांत जाण्याची शक्यता आहे तो कौन्सिलच्या दारात गेला की ते घर टिकवण्यासाठी किंवा दुसरं मिळवून देण्यासाठी कौन्सिलनं हातपाय हलवायचे. मालकाशी बोलणं, थकबाकीची सोय लावणं, नव्या जागेच्या डिपॉझिटला मदत करणं. तिथं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. घरंच पुरेशी नाहीत, एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या जागांत दिवस काढताहेत आणि त्या भाड्यापायी कौन्सिलं मेटाकुटीला आली आहेत. म्हणजे नुसतं टेबल पुरत नाही. पण निदान तारखेच्या आधी जायला एक जागा आहे.

आपल्याकडे काय आहे? निवारा आहे. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे दर एक लाख शहरी लोकवस्तीमागे किमान शंभर जणांना पुरेल एवढा कायमचा निवारा हवा. तो बारा महिने चालू, माणशी 50 चौरस फूट जागेचा. कोल्हापूरची 2011ची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात. म्हणजे पाचशेच्या वर माणसांची सोय झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानंही याबाबत राज्यांना वेळोवेळी खडसावलं आहे. निवाऱ्यात काम करणाऱ्या संस्थांविषयी मला आदर आहे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या म्हाताऱ्या माणसाची दाढी करून, नखं कापून, त्याच्या गावाचं नाव त्याच्या तोंडून काढून घ्यायचं काम सोपं नाही. पण निवारा म्हणजे पूर येऊन गेल्यानंतरची छावणी. आधीच्या पाच महिन्यांचं काय?

तिथं मला महापालिकेचे असे निर्णय दिसतात, ज्यांच्या फायलीवर बेघर हा शब्दही नसतो.

पहिला घरफाळा, म्हणजे घरावरचा महापालिकेचा कर. भाडेकरू दाखवला की घरफाळा वाढेल, ही मालकाची धास्ती. मग तो भाडेकरू दाखवत नाही. करार झालाच तर स्टँपपेपरवर नोटरी, नाहीतर तोंडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 सांगतो की भाड्याचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, वेगळं सिद्ध होईपर्यंत. हे मी मालकांना सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. त्याच कायद्यात भाड्याची पावती देणं बंधनकारक आहे आणि सबळ कारण नसताना भाडेकरूचं पाणी, वीज तोडता येत नाही. कागदावर एवढं सगळं असूनही गल्लीतला भाडेकरू बिनकागदाचा राहतो, आणि बिनकागदाच्या माणसाला घालवायला नोटीसही लागत नाही, आवाज चढवला की पुरतं. राहत्या घरातला भाडेकरू नोंदवला तर घरफाळ्यात फरक पडणार नाही, असं महापालिकेनं ठरवून जाहीर केलं, तर माझ्या मते निम्मं काम होईल. तिजोरीला थोडी झळ बसेल, बसू दे.

दुसरा निर्णय दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर होतो. धोकादायक इमारतींना नोटिसा. जुन्या पेठांतले वाडे, मातीच्या भिंती, वाकलेल्या तुळया. महापालिका अधिनियमाच्या 264 कलमाखाली आयुक्तांना इमारत रिकामी करायला लावण्याचा अधिकार आहे आणि जीव वाचवायचा तर तो वापरलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण नोटीस बजावणारा माणूस "खाली करा" म्हणतो, "कुठं जा" हे त्याच्या कागदात नसतं. चाळीस वर्षं वाड्याच्या मागच्या खोलीत राहिलेल्या विधवा बाईला बाजारभावानं खोली परवडत नाही. आणि काही मालकांना ही नोटीस लॉटरीसारखी वाटते, हेही बोललं पाहिजे. अशा घरातले भाडेकरू ऐकत असतील तर त्यांना एक सांगतो. खोली सोडण्याआधी तुमच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेकडून नोंदवून घ्या आणि त्याचा कागद जपून ठेवा. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, पण वाडा पाडल्यावर तुमची भिंत कुठं होती हे सांगायला कुणी येणार नाही. अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याचं काम जसं पुढं सरकेल तसं तिथंही हेच करावं लागेल. जागेचा मोबदला मालकाच्या नावावर निघतो. माडीवर राहणाऱ्याची यादी कोण करणार, हे आत्ताच विचारून ठेवायला हवं.

घरकुल योजनांचं एका वाक्यात सांगतो: पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी आधी जागा नावावर हवी, आणि ती नदीकाठी निळ्या पूररेषेच्या आत असेल तर नवं बांधायला परवानगी नाही. म्हणजे ज्याला दरवर्षी घर सोडावं लागतं त्यालाच ही योजना सगळ्यात कमी उपयोगाची. झोपडपट्ट्यांतल्या लोकांना प्रॉपर्टी कार्ड देण्याचा विषय म्हणूनच महत्त्वाचा. तो निवडणुकीच्या हंगामात फार जोरात असतो.

तिसरी अडचण खास कोल्हापूरची. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत तरतूद आहे की मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करणाऱ्यानं 20 टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. पण ती लागू होते दहा लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना. आपण साडेपाच लाखांवर अडकलेलो. 1972 साली महापालिका झाली तेव्हापासून हद्द एक इंचही वाढलेली नाही. हद्दवाढीवर किती मोर्चे, किती बंद, किती बैठका झाल्या ते तुम्ही जाणता. गावांची भीती मला समजते, शेतीवर आरक्षणं पडतील, कर वाढतील. पण शहरात काम करणारा माणूस भाडं परवडत नाही म्हणून उचगाव, पाचगाव, कळंब्याकडे सरकतो. तिथल्या ग्रामपंचायतीकडे निवाऱ्याची जबाबदारी नाही आणि महापालिका म्हणते हा आमच्या हद्दीतला नाही. 2017 साली आसपासच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण झालं. त्याच्या दारात जाऊन "माझी खोली जाणार आहे" असं सांगून बघा, म्हणजे ते कशासाठी आहे ते कळेल.

यात भर म्हणजे नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवक असताना सगळं आलबेल होतं असा माझा दावा नाही. पण रात्री साडेदहाला दार वाजवून "भाऊ, मालकाला जरा समजावा" म्हणायला एक दार असायचं. कितीतरी खोल्या अशा एका फोनवर दोन महिने टिकलेल्या मी पाहिल्या आहेत. सभागृहात बसणाऱ्यांकडे माझं मागणं त्या फोनचंच आहे, फक्त तो ओळखीवर नको, रीतसर हवा. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट ही चार विभागीय कार्यालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक माणूस, एक वही. शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांनी त्याला कळवायचं. त्यानं मालक आणि भाडेकरू दोघांना समोर बसवायचं. गरज असेल तिथं एक-दोन महिन्यांचं भाडं थेट मालकाच्या खात्यात, परतफेडीच्या बोलीवर. एका माणसाला वर्षभर निवाऱ्यात सांभाळण्यापेक्षा हे महाग पडेल असं मला वाटत नाही. पैसे बुडतील, असं म्हणणारे भेटतील. थोडे बुडतीलही. पूरग्रस्तांना दिलेलं धान्य आपण परत मागतो का?

ते टेबल येईल तेव्हा येईल. तोवर ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं भाडं थकलं असेल, मालकानं खोली सोडायला सांगितलं असेल, तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, पूरग्रस्त, कमी उत्पन्न असलेले, या सगळ्यांना तिथं वकील मोफत मिळतो. जाताना करार असेल तर करार, भाड्याच्या पावत्या, नसतील तर ऑनलाइन भरलेल्या भाड्याच्या नोंदी, वीजबिल आणि पोरांच्या शाळेतला पत्ता असलेला दाखला घेऊन जा. आणि सामान बाहेर पडायच्या आधी जा. नंतर आलात तरी आम्ही लढतो, पण तेव्हा मागणी खोली परत मिळवण्याची असते आणि तारखा लांबच्या पडतात.

नमस्कार.