डेट्रॉइट लायन्स: 112व्या क्रमांकाचा मुलगा आणि त्यानंतरचा हिशेब

(दृश्य: फोर्ड फील्ड, डेट्रॉइट. 5 डिसेंबर 2021.)

घड्याळात 4 सेकंद उरलीत. फलकावर मिनेसोटा व्हायकिंग्ज 27, डेट्रॉइट लायन्स 23. अमेरिकन फुटबॉलच्या या हंगामात लायन्सने अजून एकही सामना जिंकलेला नाही. 10 हरले, एक बरोबरीत सुटला. गोलरेषा 11 यार्डांवर आहे आणि आता एकच चाल शिल्लक आहे.

क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ चेंडू फेकतो. गोलरेषेच्या आत उभा असलेला पहिल्याच वर्षाचा एक खेळाडू तो झेलतो. 29-27. लायन्सचा हंगामातला पहिला विजय, आणि त्या मुलाच्या व्यावसायिक कारकिर्दीतला पहिलाच टचडाउन, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू मिळवल्याचे सहा गुण. त्याचं नाव अमॉन-रा सेंट ब्राउन.

त्या आठवड्यात डेट्रॉइटपासून जवळच असलेल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत गोळीबार झाला होता. चार विद्यार्थ्यांचा जीव गेला होता. सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल पत्रकारांसमोर आले आणि जिंकल्याचं बोलण्याआधी त्यांनी त्या मुलांची नावं घेतली. विजय त्यांना वाहिला. एक विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी एवढ्या भांडवलावर या गावाने आपल्या संघाला पुन्हा जवळ केलं, ते त्या संध्याकाळी.

सात महिने आधी, 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सेंट ब्राउनच्या आधी 16 रिसीव्हर (चेंडू झेलणारे खेळाडू) निवडले गेले होते. तो निवडला गेला चौथ्या फेरीत, 112व्या क्रमांकावर. ती 16 नावं त्याला आजही क्रमाने तोंडपाठ आहेत.

(दृश्य: ड्राफ्टचा मंच. खेळाडूंची नावं पुकारली जाताहेत.)

इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग, तिच्यात 32 संघ. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूला आवडीचा संघ निवडता येत नाही, संघ त्याला निवडतात. सात फेऱ्या होतात. मागच्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची सगळ्यात शेवटी. 1936 पासून पाळीची ही पद्धत चालू आहे. आणि ही पाळी विकता येते, बदलता येते, दोन वर्षं पुढची पाळी आज गहाणही टाकता येते.

पण ड्राफ्टमधली खरी गोम पगारात आहे. निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम तो कितव्या क्रमांकावर आला यावर जवळपास ठरूनच येते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ पाचवं वर्ष वाढवून ठेवू शकतो, बाकीच्यांना नाही. सेंट ब्राउनचा पहिला करार चार वर्षांचे मिळून 45 लाख डॉलरच्या आत होता. त्याच सेंट ब्राउनला एप्रिल 2024 मध्ये पुढच्या चार वर्षांसाठी 12 कोटी डॉलरचा करार द्यावा लागला. खेळाडू तोच, झेल तेच. मधल्या तीन हंगामांत संघाला जी स्वस्ताई मिळाली, तिच्यावर डेट्रॉइटची नवी इमारत उभी राहिली.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. रिकाम्या खुर्च्या.)

या गावाच्या पाचवीला पराभव पुजलेला होता, असं म्हटलं तर डेट्रॉइटमध्ये कुणी भांडायला येणार नाही. लीगचं विजेतेपद शेवटचं मिळालं 1957 मध्ये. त्यानंतर 1992 च्या जानेवारीत बाद फेरीतला एक विजय. मग काही नाही. बॅरी सँडर्ससारखा धावपटू (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ऐन भरात निवृत्त झाला. कॅल्विन जॉन्सनसारखा रिसीव्हरही तसाच गेला. 2008 साली लायन्सने 16 पैकी 16 सामने गमावले.

त्या 2008 च्या संघाच्या यादीत एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही खेळाडू) होता, जो दुखापतीमुळे फारसा खेळलाच नाही. त्याचं नाव डॅन कॅम्पबेल. तोच 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परत आला.

तेव्हाच्या दुर्दशेचं मूळही ड्राफ्टमध्येच होतं. 2003, 2004, 2005 अशी सलग तीन वर्षं लायन्सने पहिल्या दहा क्रमांकांतली आपली निवड रिसीव्हरवर खर्च केली: चार्ल्स रॉजर्स, रॉय विल्यम्स, माइक विल्यम्स. चेंडू झेलणारे हात जमा होत राहिले आणि चेंडू फेकणाऱ्याला वाचवणारी भिंत तशीच कच्ची राहिली. पाया न भरता मजले चढवण्याचा हा प्रकार होता.

(दृश्य: जानेवारी 2021. ब्रॅड होम्स यांची नियुक्ती.)

जानेवारी 2021 मध्ये ब्रॅड होम्स जनरल मॅनेजर झाले. आधी ते रॅम्स संघासाठी विद्यापीठातले खेळाडू हेरण्याचं काम पाहत. त्यांचे मामा म्हणा, काका म्हणा, ल्यूथर ब्रॅडली हे 1978 मध्ये लायन्सनेच पहिल्या फेरीत निवडलेले खेळाडू. म्हणजे या संघाचं दुखणं होम्स यांच्या घरातही माहीत होतं.

त्यांचा पहिला मोठा व्यवहार त्यांच्या जुन्याच संघाशी झाला. बारा वर्षं लायन्सचा क्वार्टरबॅक असलेला मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला गेला. बदल्यात आले जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, डेट्रॉइट पुन्हा फसलं. मला विचाराल तर तो व्यवहार दोन्हीकडून खरा होता, आणि असे व्यवहार फार थोडे होतात.

पहिल्या ड्राफ्टमध्ये होम्स यांनी सातव्या क्रमांकावर ऑफेन्सिव्ह टॅकल पेनाय सूएल घेतला. अमेरिकन सामोआत जन्मलेला, अवघ्या 20 वर्षांचा. टॅकलचं काम भिंत होण्याचं. त्याचे झेल नसतात, गुण नसतात आणि लहान मुलं सहसा त्याची जर्सी मागत नाहीत. पण सूएल आपल्याला मिळतोय हे कळल्यावर होम्स निवड-खोलीत अक्षरशः गर्जत होते. ती चित्रफीत आजही पाहण्यासारखी आहे. अठरा वर्षांपूर्वीची चूक कुठे होती हे ओळखलेल्या माणसाचा तो आनंद आहे.

पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर एडन हचिन्सन आला. मिशिगनचाच मुलगा, मिशिगन विद्यापीठाचाच खेळाडू. जॅक्सनव्हिलने त्याला सोडून दुसरा निवडला, आणि डेट्रॉइटने क्षणभरही वेळ न घालवता आपली चिठ्ठी पुढे केली.

(दृश्य: नकाशावर बाण. एक निवड दुसरीत कशी बदलते.)

2022 मध्ये रॅम्सकडून आलेली 32वी निवड आणि आपल्या दोन निवडी व्हायकिंग्जना देऊन लायन्स 12व्या क्रमांकावर चढले आणि जेमिसन विल्यम्सला घेतलं. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, जगातल्या सर्वांत वेगवान रिसीव्हरांपैकी एक. या व्यवहारात 46वी निवडही त्यांच्या पदरात पडली. विल्यम्सने वाट पाहायला लावली. आधी दुखापत, मग सट्टेबाजीच्या नियमांवरून निलंबन. 2024 मध्ये मात्र त्याने हजार यार्डांचा टप्पा ओलांडला.

2023 मध्ये रॅम्सकडून दुसरी निवड आली, ती सहाव्या क्रमांकाची. होम्स यांनी ती ॲरिझोनाला देऊन 12वी आणि 34वी मिळवली. 12वर जामिर गिब्स, धावपटू. 18वर जॅक कॅम्पबेल, लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला. त्या रात्री जाणकारांनी नाकं मुरडली. धावपटू आणि लाइनबॅकर ही दोन्ही कामं स्वस्तात होतात, पहिल्या फेरीत त्यांच्यावर पैसा कोण घालतं, असा त्यांचा हिशेब. मग 34वर टाइट एंड सॅम लापोर्टा आला, 45वर बचावफळीतला ब्रायन ब्रँच. लापोर्टाने पहिल्याच हंगामात 86 झेल घेतले. गिब्स दुसऱ्या हंगामात 1,412 यार्ड धावला आणि त्याने एकूण 20 टचडाउन केले.

एका ड्राफ्टमध्ये चार मुख्य खेळाडू. संघाच्या बांधणीत यापेक्षा मोठी गोष्ट नाही. नाकं मुरडणाऱ्यांचा हिशेब कागदावर बरोबर होता, पण होम्स यांनी जागेची किंमत न पाहता माणसाची पाहिली.

सगळंच लागलं असं नाही. त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक हेंडन हूकर 2025 च्या हंगामाआधी संघाबाहेर गेला. बचावफळीसाठी वर चढून घेतलेला ब्रॉड्रिक मार्टिनही टिकला नाही. पेरलेलं सगळं उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

(दृश्य: 14 जानेवारी 2024. फोर्ड फील्ड, खचाखच.)

आणि मग ती रात्र. 32 वर्षांनी बाद फेरीतला विजय, 24-23. समोर कोण? रॅम्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड. ज्याला निरोप दिला त्याच्यावर, ज्याला बदल्यात घेतलं त्याच्या हातून. मैदानात लोक गॉफच्या नावाचा घोष करत होते. रॅम्सला नकोसा झालेला हा माणूस आता या गावाचा होता.

दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाविरुद्ध, सुपर बोलच्या उंबरठ्यावर, लायन्स मध्यंतराला 24-7 नी पुढे होते. हरले 34-31 नी. त्याच एप्रिलमध्ये ड्राफ्टचा सोहळा डेट्रॉइटच्या भर चौकात झाला. तीन दिवसांत 7,75,000 हून जास्त माणसं आली. 2013 मध्ये ज्या महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली होती, त्याच शहरात.

नोव्ही, ट्रॉय, कँटन या उपनगरांत मोटार उद्योगातल्या नोकरीमुळे स्थिरावलेली मराठी घरं भरपूर आहेत. तिथेच जन्मलेली पोरं आईबापांना चार डाउन (चेंडू पुढे नेण्याच्या चार संधी) म्हणजे काय ते समजावतात. त्या घरांतही आता रविवारी दुपारी निळ्या-चंदेरी जर्सी दिसतात.

(दृश्य: 18 जानेवारी 2025. हरल्यानंतरचा शांत प्रेक्षकवर्ग.)

2024 मध्ये 17 पैकी 15 विजय. पण ऑक्टोबरमध्ये डॅलसविरुद्ध हचिन्सनच्या पायाचं हाड मोडलं. पाच सामन्यांत साडेसात सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं) करणारा माणूस हंगामातून बाद झाला. डिसेंबरपर्यंत बचावफळीतले डझनभर जण जायबंदींच्या यादीत गेले. बाद फेरीत वॉशिंग्टनने घरच्या मैदानावर 45-31 असं हरवलं. लायन्सने पाच वेळा चेंडू गमावला. आणि हरवणारा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स हा त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला, दुसऱ्या क्रमांकाचा. स्वस्त करारावरचा तरुण खेळाडू काय करू शकतो, हे यावेळी डेट्रॉइटला दुसऱ्याकडून पाहावं लागलं.

त्यानंतर दोन्ही समन्वयक गेले. आक्रमणाचा बेन जॉन्सन शिकागोला, बचावाचा ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला, दोघेही मुख्य प्रशिक्षक म्हणून. जूनमध्ये सेंटर फ्रँक रॅगनाउ निवृत्त झाला. भिंतीच्या मधली वीट गेली. 2025 च्या हंगामात निम्म्यावर डॅन कॅम्पबेल यांनी चाली ठरवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. लापोर्टा, ब्रँच आणि इंटरसेप्शनमध्ये (समोरच्या संघाने फेकलेला चेंडू हिसकावण्यात) आदल्या वर्षी लीगमध्ये अव्वल असलेला कर्बी जोसेफ, तिघेही जायबंदी झाले. 9 विजय, 8 पराभव. बाद फेरी हुकली.

(दृश्य: खेळाडूंच्या नावांची पाटी. शेजारी रकमा.)

आता उधारीचे आकडे पाहू. गॉफ, चार वर्षं, 21.2 कोटी डॉलर. सूएल, चार वर्षं, 11.2 कोटी. सेंट ब्राउन, 12 कोटी. हचिन्सन, चार वर्षं, 18 कोटी. जेमिसन विल्यम्स आणि जोसेफ यांचेही करार वाढवून झालेत. 2025 मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराची मर्यादा होती 27.92 कोटी डॉलर, आणि त्यात 53 जण बसवायचे असतात.

2023 च्या त्या चौघांची चार वर्षं 2026 च्या हंगामाबरोबर संपतात. गिब्स आणि जॅक कॅम्पबेल पहिल्या फेरीचे, त्यांना पाचवं वर्ष लावता येतं. लापोर्टा आणि ब्रँच दुसऱ्या फेरीचे, त्यांना ती सवलत नाही, आणि 2025 मध्ये दोघांनाही मोठ्या दुखापती झाल्या. सगळ्यांना ठेवता येईल असं मला वाटत नाही. कुणाला सोडायचं, हा निर्णय होम्स यांच्या आजवरच्या कोणत्याही निवडीपेक्षा अवघड असेल.

म्हणून नजर पुन्हा स्वस्त करारांकडे वळते. 2025 मध्ये 28व्या क्रमांकावर टायलीक विल्यम्स आला, बचावाच्या मधल्या फळीसाठी. 57व्या क्रमांकावर टेट रॅटलेज, गार्ड. भिंतीची डागडुजी. आणि 70वर आयझॅक टेस्लाआ, रिसीव्हर, मिशिगनच्या हडसनव्हिलचा. लायन्सचे सामने पाहत मोठा झालेला. सुरुवात हिल्सडेल नावाच्या छोट्या कॉलेजात. त्याला घेण्यासाठी होम्स यांनी 2026 च्या तिसऱ्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या. मला हा सौदा महाग वाटतो. ज्या संघाला येत्या वर्षांत स्वस्त खेळाडूंची सर्वांत जास्त गरज आहे, त्याने दोन खेळाडूंची जागा एकावर लावली. सेंट ब्राउन चौथ्या फेरीत सापडला होता, जोसेफ तिसऱ्या फेरीच्या शेवटाला. आधीची कमाई तिथली आहे.

(दृश्य: ॲलन पार्क, सरावाचं मैदान. चेंडू फेकणारं यंत्र.)

सराव संपल्यावर सेंट ब्राउन या यंत्रासमोर उभा राहतो आणि 202 चेंडू झेलतो. सवय वडिलांनी लावलेली. 12 कोटींच्या करारानंतरही आकडा कमी झालेला नाही. त्याच फळीत आता टेस्लाआ आहे, दोन निवडींच्या किमतीचा. त्याच्या आधी किती रिसीव्हर निवडले गेले, ते त्यालाही ठाऊक असणारच.